नक्कल करायची, तर विरजण कुणाचं?

बेल्जियममध्ये फ्रान्सच्या सीमेलगत वेस्टव्लेटरन नावाचं खेडं आहे. तिथल्या सेंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचे साधू एक गडद तपकिरी एल, म्हणजे एका प्रकारची बिअर, बनवतात. तिचं नाव नुसतं '12'. अल्कोहोल 10.2 टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दुप्पट. कित्येक दशकं बाटलीला लेबलसुद्धा नव्हतं. ओळख पटायची ती पिवळ्या झाकणावरून. मागणी वाढली म्हणून साधू जास्त बिअर काढत बसत नाहीत. साहजिकच ती सहजी मिळत नाही, आणि घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींना तिचीच नक्कल करायची खुमखुमी येते. (ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग केला, तर दारूबंदी कायदा आडवा येतो. तेव्हा आपण फक्त विज्ञान पाहू.)

रंग पाहून पहिला अंदाज हमखास चुकतो. एवढी गडद बिअर म्हणजे करपेपर्यंत भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ते माल्ट बरंचसं फिकटच असतं. रंग येतो तो आटवून काळ्या केलेल्या साखरेच्या पाकातून, ज्याला 'कँडी सिरप' म्हणतात. हा 'कँडी' शब्द मुळात आपल्या 'खंड' म्हणजे खडीसाखरेचाच. फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेलेला. त्याऐवजी काकवी घालावी असं मराठी डोक्यात येणारच, पण काकवीतले क्षार आणि उसाचा वास सगळी चव व्यापून टाकतात.

साखर घातली की पेय गोड होईल, हा दुसरा गैरसमज. माल्टमधल्या पिष्टाचे काही तुकडे यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, पचत नाहीत. ते मागे राहतात आणि बिअर जड लागते. साखर मात्र यीस्ट पूर्ण फस्त करतं. त्यामुळे जोर वाढतो, पण जडपणा येत नाही. हायड्रोमीटर बुडवला (दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा हा भाऊबंद), तर सुरुवातीला द्रवाची घनता पाण्याच्या 1.090 पट दिसते आणि शेवटी 1.012 च्या आसपास. मधल्या फरकावरूनच ते दहा टक्के निघतात.

इथवरचं काम तराजू आणि थर्मामीटरवर निभावतं. खरी मेख यीस्टमध्ये आहे. केळ्यासारखा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, लवंगेसारखा 4-व्हिनाइल ग्वायाकोलचा. हे दोन्ही यीस्टच तयार करतं, आणि कोणता किती, हे वाणावर आणि तापमानावर ठरतं. सुरुवात 20 अंशांना करून हळूहळू 28 पर्यंत चढू द्यायचं. पहिल्याच दिवशी 28 गाठलं, तर फळांऐवजी नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो आणि चव तिखट, जळजळीत होते.

संख्याही महत्त्वाची. इतक्या गोड द्रवात यीस्टच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. वीस लिटरला साधारण 32 हजार कोटी पेशी हव्यात; बाजारातल्या एका पाकिटात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याच असतात. म्हणून आधी पातळ वर्टमध्ये (म्हणजे माल्टच्या अजून न आंबलेल्या गोड काढ्यात) त्यांची पैदास करायची, आणि मुख्य वर्ट थंड झाल्यावर त्यात ऑक्सिजन मिसळायचा. पेशीपटल मजबूत करणारी स्टेरॉल्स बनवायला यीस्टला तो लागतो. मात्र आंबणं सुरू झालं की ऑक्सिजन शत्रू.

आणि वाण? ते बाटलीच्या तळाशीच असतं. बिअर बाटलीत पुन्हा आंबवलेली असल्याने गाळात जिवंत यीस्ट असतं. पण दहा टक्के अल्कोहोलमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या पेशी अर्धमेल्या असतात. म्हणून जाणकार त्याच मठाची 5.8 टक्क्यांची 'ब्लाँड' उघडतात आणि तिचा गाळ वापरतात. कडक बिअरचं विरजण सौम्य बिअरमधून घ्यायचं, ही युक्ती मला फार आवडते.

खरा घोळ पुढेच आहे. वेस्टव्लेटरनचे साधू आज स्वतःचं यीस्ट वापरतच नाहीत. अँटवर्पजवळच्या वेस्टमाले मठातून ते आणतात, शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसं. 1946 ते 1992 मात्र याच मठाच्या नावाची बिअर जवळच्या वाटू गावातल्या सेंट बर्नार्डस कारखान्यात परवान्याने बनायची. मठाचा ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा मुख्य कारागीर, तिकडे गेला, तो यीस्ट घेऊनच. करार संपला, पण कारखान्याच्या म्हणण्यानुसार ते जुनं यीस्ट आजही तिथेच नांदतंय. म्हणजे नाव मठाकडे आणि जुनं विरजण वाटूत.

नक्कल जमली का हे तपासायला तीन पेल्यांची चाचणी करतात: दोन पेले एकाच बिअरचे, तिसरा वेगळा, आणि चाखणाऱ्याने वेगळा ओळखायचा. घरची बिअर सहा महिने मुरल्याशिवाय ही परीक्षा घेऊ नये. समोर मठाची बाटली ठेवायची की वाटूची, हे मात्र आधी ठरवून ठेवावं.