अण्णांचा वेताळ आणि ताईचा कोरा पडदा

आमच्या गल्लीच्या टोकाला अण्णांचा कारखाना आहे. पत्र्याची शेड, आत आठ माग आणि शेडला चिकटून राहतं घर. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं पावलोपावली. माझी मुलगी तान्ही होती तेव्हा मागांच्या खडखडाटात गाढ झोपायची आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठायची.

दुपारी कामगार डबा खायला बसले की अण्णा केसांवर बसलेला कापूस झटकत आत येतात आणि पाच वर्षांच्या नातवाशेजारी बसून ‘छोटा भीम’ बघतात. अण्णांचं वय बासष्ट. नातू दहा मिनिटांत झोपतो, पण भाग संपेपर्यंत अण्णा काही उठत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एकदा त्यांनी मला दारातच गाठलं. ‘बाई, एक विचारू? पोरगा म्हणतोय, अण्णा लहान झाले. माझ्या डोक्यात काय फरक पडलाय काय ओ?’

त्यांचा चेहरा खरोखर चिंतेचा होता. त्यांच्या वडिलांना उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता, त्याची धास्ती त्यांनी मनात धरलेली. कार्टून आवडणं हे काही त्या आजाराचं लक्षण नव्हे, एवढं मी तिथल्या तिथे सांगितलं. मग त्यांना ते का आवडतं, हे मात्र मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आणि घरी आल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहिला. माझी सख्खी मोठी बहीण पतसंस्थेत हिशेब बघते. तिला गोष्टीचं पुस्तक, सुपरहिरोचा सिनेमा, कार्टून यांतलं काहीच भावत नाही. लहानपणीही भावत नसे. तिच्या डोक्यात मग काय फरक पडला असेल?

सुरुवात अण्णांच्या कपाटापासून करते. त्यात ‘चंदमामा’चे तेलुगू अंक आहेत, सुतळीनं बांधलेले. हे मासिक जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. मराठीत ‘चांदोबा’ म्हणून ते १९५२ पासून येऊ लागलं. अण्णांच्या लहानपणी त्यांच्या घरी तेलुगू अंक यायचा, आमच्या घरी मराठी आणि समोरच्या कानडी घरात कानडी. चित्रं तीच, विक्रम तोच, वेताळ तोच. तीन भाषांतली मुलं एकाच ओट्यावर बसून राजानं काय उत्तर दिलं यावर भांडायची.

आता हा वेताळ मुळात कोणासाठी होता? अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. एका गोष्टीत नवरा आणि भाऊ यांची धडं-मुंडकी चुकून अदलाबदल होतात आणि वेताळ विचारतो, त्या बाईचा नवरा आता कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ. माणूस म्हणजे नेमका त्याचा कोणता भाग, हा प्रश्न मेंदूचे अभ्यासक आजही घोळवतात. ही गोष्ट एका प्रौढ राणीनं ऐकली. पुढे ती मुलांच्या मासिकात गेली आणि आता एखादा बासष्ट वर्षांचा माणूस ती वाचताना दिसला तर आपण त्याला पोरकट म्हणतो. पुस्तकाच्या दुकानातले कप्पे माणसानं केलेले आहेत. गोष्ट ऐकण्यासाठी मेंदूत मुलांचा आणि मोठ्यांचा असे दोन वेगळे भाग नाहीत.

भीमाच्या गोल, मोठ्या डोक्याचं कारण थोडक्यात सांगता येतं. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल ही तान्ह्या बाळाची ठेवण दिसली की मोठ्या माणसाला आपोआप माया वाटते. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये चक्क कॅलिपर हे मोजमापाचं साधन घेऊन मिकी माउसची मापं काढली. पन्नास वर्षांत त्याचे डोळे डोक्याच्या लांबीच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले होते. मिकीचं वय वाढत गेलं तसं त्याचं रूप बाळासारखं होत गेलं. म्हणजे ही चित्रं आपल्यातल्या आई-बापालाच हाक घालतात, आणि अण्णा तर आजोबा आहेत.

पण अण्णांच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाची वाटते ती ओळख. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये लोकांना अर्थहीन शब्द आणि चिनी धाटणीची अक्षरं दाखवली. काही एकदाच, काही पंचवीस वेळांपर्यंत. जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं, ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. अर्थ कळायची गरजच पडली नाही. याला जोड स्मरणशक्तीच्या एका सवयीची. उतारवयातल्या माणसाला आठवणी सांगायला लावल्या तर दहाव्या ते तिसाव्या वर्षाच्या दरम्यानच्या आठवणी फार दाट निघतात. त्या वयात जे वाचलं, पाहिलं, गुणगुणलं, ते घट्ट बसतं. भीम अण्णांच्या लहानपणी नव्हता. तो २००८ मध्ये टीव्हीवर आला. पण धोतर नेसलेला पोरगा, राजा, राक्षस, गावाची जत्रा हा सगळा मालमसाला त्यांनी चंदमामात पाहिलेलाच होता. जुन्याच नक्षीची चादर नव्या रंगांत विणावी, तसं काहीसं.

‘पण शेवट काय होणार ते ठाऊक असतं की, मग बघता कशाला?’ असं त्यांचा मुलगा विचारतो. याचं एक उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन संशोधकांकडे आहे. २०११ च्या त्यांच्या प्रयोगात वाचकांना बारा लघुकथा दिल्या होत्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट आधी कळलेल्यांना कथा सरासरीनं जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही दिसलं, त्यामुळे हा नियम म्हणून मी सांगणार नाही. पण सोलापूरकराला यात नवल वाटू नये. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना जाऊन येतात, संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात. पुढे काय होणार हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी मुठीत अक्षता घेऊन माणसं उन्हात ताटकळत उभी राहतात, कारण ठाऊक असलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना बघायची असते. शेवटाची काळजी मिटली की मन तपशिलात रमतं. अण्णा मला सांगत होते, ‘राक्षस हरणार ते माहीत हाय ओ. पण कसा हरतोय ते बघायचं असतंय.’

आणखी एक कारण त्यांनी सांगितलं नाही, ते मी ओळखलं. अण्णांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. जुन्या आठवणींची ओढ हा एके काळी आजार समजला जायचा; १६८८ मध्ये योहानेस होफर या डॉक्टरानं परमुलखातल्या स्विस लोकांचा रोग म्हणून त्याला नावही दिलं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये वेगळंच दाखवलं. एकटेपणा वाटला की ही ओढ जागी होते आणि तिच्यामुळे आपलं कुणीतरी आहे ही जाणीव परत बळकट होते. २००९ मध्ये जे डेरिक आणि शिरा गेब्रिएल या अमेरिकी संशोधकांना दिसलं की आवडत्या मालिकेबद्दल नुसतं लिहूनही आपलेपणाची भूक थोडी भागते. दुपारी एक वाजता अण्णांचं घर किती सुनं असतं ते मी पाहिलंय. भीमाच्या गावातली सगळी माणसं त्यांच्या ओळखीची आहेत आणि रोज भेटतात.

आता ताई. तिला लोक कोरडी म्हणतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. शेजारचं कुणी दवाखान्यात असलं की पहिला डबा तिचाच जातो. ती कोरडी नाही. मग गोष्टीत ती का शिरत नाही?

एका रविवारी मी अण्णा आणि ताई दोघांनाही म्हटलं, डोळे मिटा आणि सिद्धेश्वराचं देऊळ आठवा. अण्णा लगेच बोलू लागले: पाण्यावरून जाणारी वाट, कडेला उड्या मारणारे मासे, ओल्या पायांचे ठसे. ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘देऊळ आहे, भोवती तळं आहे, हे मला माहीत आहे. दिसत काहीच नाही. डोळे मिटल्यावर कुणाला खरंच दिसतं का गं?’

मी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं एका घरात वाढलो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं, तेव्हाही काहींनी असंच उत्तर दिलं. एक्सेटर विद्यापीठाचे अॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. मनाच्या पडद्यावर चित्र न उमटणं, एवढाच त्याचा अर्थ. तो आजार नाही. माझ्या घरगुती चाचणीवरून ताईवर कसला शिक्का मी मारणार नाही. पण सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा २०२१ चा प्रयोग मला तेव्हापासून सारखा आठवतो. चित्र न उमटणारे २२ आणि उमटणारे २४ जण अंधाऱ्या खोलीत बसवले. पडद्यावर एकेक वाक्य येत होतं: तुम्ही समुद्रात पोहताय, पाण्यात काहीतरी काळं हललं, किनाऱ्यावरची माणसं ओरडतायत. त्वचेवर लावलेली तारांची टोकं घामाचा बारीकसा बदलही टिपत होती. चित्र उमटणाऱ्यांची रेघ चढत गेली. बाकीच्यांची जवळजवळ सपाटच राहिली. शब्द कळत होते, पण अंगावर काटा येत नव्हता. मग दोन्ही गटांना भीतिदायक छायाचित्रं दाखवली. त्या वेळी दोघांच्याही रेघा चढल्या.

भीतीची यंत्रणा शाबूत होती. शब्दांपासून तिच्यापर्यंत जाणारी चित्रांची वाट तेवढी नव्हती.

अशी सगळी माणसं गोष्टींना पारखी असतात असं मात्र नाही. मुलांच्या अॅनिमेशनपटांसाठी जगभर नावाजलेल्या पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही. कुणाला संवाद बांधून ठेवतात, कुणाला कोडं, कुणाला कशानंच काही होत नाही. नव्याची हौस किती, गुंतागुंत किती झेपते, दहाव्या वर्षी हाताशी काय होतं, यावरही बरंच ठरतं.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष ताईच्या गोष्टीतच अडकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाच्या हाती चंदमामाचा एक जुना अंक पाठवला, ‘ताईंना द्या’ म्हणून. ताईला तेलुगूचं एक अक्षर येत नाही.

तिनं तो स्वयंपाकघरातच उघडला. वेताळाच्या पानावर शंकर यांचं ते चित्र होतं: हातात नंगी तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातून चाललेला विक्रम. गॅसवर आमटी होती. तिनं गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि अंक उजेडाकडे नेला.

‘हात बघ याचा,’ ती म्हणाली. ‘किती घट्ट धरलंय त्यानं. दमलाय, पण सोडत नाहीये.’ आणि पान तसंच उघडं ठेवून विचारलं, ‘हा कुठं निघालाय गं?’