कॉलेजातलं वातावरण मोजणाऱ्या प्रश्नावलीची पूर्वपीठिका

‘माझ्या वरिष्ठांना माझ्या कामाची जाण आहे.’ ‘महत्त्वाच्या निर्णयांत माझं मत विचारात घेतलं जातं.’ ‘इथे काम करतो हे सांगताना मला अभिमान वाटतो.’ प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘अजिबात सहमत नाही’पर्यंत पाच पर्याय. जगभरातल्या अनेक महाविद्यालयांत वर्षा-दोन वर्षांनी प्राध्यापकांपासून प्रयोगशाळा सहायकांपर्यंत सगळ्यांकडे अशी प्रश्नावली येते. काही जण ती मनापासून भरतात, काही दोन मिनिटांत उरकतात, आणि बरेच जण ‘नाव खरंच कळणार नाही ना?’ असं शेजारच्याला विचारून मग काय ते ठरवतात. यांपैकी फार थोडी विधानं महाविद्यालयासाठी म्हणून जन्माला आली. बहुतेकांचं मूळ कारखान्यात, दुकानांच्या साखळीत किंवा विमा कंपनीच्या कचेरीत आहे. प्राध्यापकांच्या खोलीत ती मागाहून पोचली. या प्रवासात एक प्रश्न मात्र सारखा मागे पडत गेला: प्राध्यापक गुंतलेला असतो तो नेमका कशात?

सुरुवात बहुधा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यापासून सांगतात. शिकागोजवळच्या या कारखान्यात १९२४ मध्ये दिव्यांचा उजेड वाढवला तर उत्पादन वाढतं का, हे तपासायला घेतलं गेलं. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हे उजेडाचे प्रयोगच गाजतात. आपल्या विषयाला जवळचं आहे ते नंतरचं, १९२८ ते १९३० मधलं मुलाखतींचं सत्र. कंपनीने २१,००० हून अधिक कामगारांना बोलतं केलं. आधी ठरावीक प्रश्न विचारले जात, पण कामगार उत्तर देता देता भलतीकडेच वळत. शेवटी मुलाखतकारांनी यादी बाजूला ठेवली आणि समोरचा बोलेल ते ऐकायचं ठरवलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. माणसाला जे सलतं ते विचारणाऱ्याच्या यादीत असेलच असं नाही, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. पुढे ते सोयीने विसरलं गेलं, कारण दीड तासाची मुलाखत महाग पडते आणि खुणा करायचे पाच गोल स्वस्त.

हे पाच गोल दिले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी. १९३२ च्या त्यांच्या प्रबंधात ही पद्धत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच वापरून पाहिलेली आहे. मात्र विषय होते आंतरराष्ट्रीय संबंध, साम्राज्यवाद आणि वंशभेद. नोकरीचा त्यात संबंध नव्हता. पुढे लायकर्ट आयुर्विमा क्षेत्रात संशोधनाला गेले, १९४६ मध्ये मिशिगन विद्यापीठात सर्वेक्षण संशोधन केंद्र उभं करण्यात पुढे राहिले, आणि वरिष्ठांच्या वागण्याचा कामावर काय परिणाम होतो हा त्यांचा मुख्य विषय झाला. त्यांनी संस्थांचे चार प्रकार सांगितले. एका टोकाला धाकदपटशाने चालणारी, दुसऱ्या टोकाला सहभागाने चालणारी, मध्ये दोन पायऱ्या. ही चौकट लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या मनात एवढा रस का वाटू लागला, याचं उत्तर नेहमीच उदात्त नव्हतं. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकेत कामगार संघटनांना बळ मिळालं. त्याच दशकाच्या अखेरीस सीअर्स, रोबक या दुकानांच्या साखळीने मनोबलाच्या पाहण्या सुरू केल्या. कुठल्या शाखेत असंतोष साठतोय आणि कुठे संघटनेला जागा मिळू शकते, याचा सुगावा लागणं हा त्यामागचा एक हेतू होता. कर्मचाऱ्यांना प्रश्नावलीचा जो संशय येतो तो निव्वळ स्वभावाचा भाग म्हणून उडवून लावता येत नाही.

शिक्षक या अभ्यासात लवकर आले होते, हे थोडं विसरलं गेलंय. रॉबर्ट हॉपॉक यांनी १९३५ मध्ये नोकरीतल्या समाधानावर पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप या गावातल्या नोकरदारांबरोबरच त्यात शेकडो शिक्षकही होते, आणि सर्वांत समाधानी व सर्वांत असमाधानी शिक्षकांची तुलना केलेली होती. पण समाधान ही एकेका माणसाची गोष्ट. ‘वातावरण’ ही सगळ्यांची मिळून असते, आणि तिच्याकडे जाणारी वाट वेगळी निघाली. १९३९ मध्ये कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या छंदगटांवर केलेला अभ्यास छापून आला. प्रमुखाची वागणूक मुद्दाम बदलून कुठे हुकूमशाही, कुठे लोकशाही, कुठे ‘तुमचं तुम्ही बघा’ अशी हवा तयार केली होती. हुकूमशाही गटात प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. लोकशाही गटात ते बऱ्यापैकी चालू राहायचं. माणसं कशी वागतात ते त्यांच्या स्वभावाइतकंच भोवतालच्या हवेवर ठरतं, आणि ही हवा अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे इथे पक्कं झालं.

महाविद्यालयांत ही हवा मोठ्या प्रमाणावर मोजली गेली ती भीतीच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला आणि त्याची झळ विद्यापीठांना लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने निष्ठेच्या शपथपत्रावर सही न करणाऱ्या ३१ प्राध्यापकांना १९५० मध्ये काढून टाकलं. या शोधाचा चेहरा बनलेले सिनेटर मॅकार्थी यांचा दबदबा ओसरत असताना, १९५५ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि वॅग्नर थीलेन्स यांनी १६५ महाविद्यालयांतल्या २,४५१ सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांच्या मुलाखती घडवून आणल्या. तुम्ही मांडलेल्या एखाद्या राजकीय मताचा नोकरीवर परिणाम होईल असं कधी मनात आलं का? वर्गात बोललेलं एखादा विद्यार्थी बाहेर जाऊन वेडंवाकडं सांगेल अशी धास्ती वाटली का? अलीकडे काही लिहिताना शब्द सौम्य केले का? अशा उत्तरांतून त्यांनी धास्तीचा निर्देशांक बांधला. त्यात चिंता आणि सावधगिरी या दोन्ही गोष्टी धरल्या होत्या.

मला हा अभ्यास आजच्या बहुतेक पाहण्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. तो कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रशासनाने करवून घेतलेला नव्हता, त्यामुळे विचारणारा आणि पगार देणारा एकच नव्हता. शिवाय त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दर्जेदार महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांवर बाहेरून आरोप जास्त झाले होते, पण तिथलं प्रशासन आपल्या माणसांच्या पाठीशीही जास्त उभं राहत होतं. म्हणजे नुसता त्रास मोजून भागत नाही, त्रास झाला तेव्हा पाठीशी कोण होतं हेही विचारावं लागतं. आणखी एक गोष्ट इथे घडली. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड रीसमन यांनी मुलाखती दिलेल्यांना पुन्हा गाठून ‘त्या मुलाखतीबद्दल तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं. पाहणीचीच पाहणी! असं नंतर क्वचितच कुणी केलं.

दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, आल्विन गूल्डनर यांनी एका छोट्या महाविद्यालयाचा अभ्यास टोपणनावाखाली प्रसिद्ध केला. त्यांना प्राध्यापकांत दोन प्रवृत्ती दिसल्या. काहींची निष्ठा आपल्या विषयाशी आणि त्या विषयातल्या जगभरच्या जाणकारांशी. महाविद्यालय त्यांच्या दृष्टीने सध्याचा मुक्काम. दुसऱ्यांची निष्ठा त्या संस्थेशी, तिथल्या परंपरांशी आणि माणसांशी. पहिल्यांना गूल्डनर यांनी विश्वनागरिक म्हटलं, दुसऱ्यांना स्थानिक. दोघंही मन लावून काम करत असतील, पण स्थानिकाच्या कामाचं श्रेय संस्थेला सहज मिळतं, विश्वनागरिकाच्या कामाचं आडवळणाने. विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारा, पण विषयातल्या नव्या संशोधनाकडे पाठ फिरवलेला शिक्षक कुठे बसवायचा, हा तिसरा प्रश्न त्यांच्या मांडणीतूनच निघतो. ‘गुंतलेला कशात?’ या प्रश्नाची इतकी चांगली सुरुवात झालेली असताना पुढच्या प्रश्नावल्यांनी ‘आमची संस्था’ हे एकच उत्तर गृहीत धरलं.

याच सुमारास ‘महाविद्यालयाचं वातावरण’ हा शब्दप्रयोग रुळला, पण विद्यार्थ्यांच्या बाजूने. सी. रॉबर्ट पेस आणि जॉर्ज स्टर्न यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात ३०० विधानं होती आणि भर होता तो विद्यार्थ्यांना आपलं महाविद्यालय कसं दिसतं यावर. कर्मचाऱ्यांचं वातावरण मोजायचं खरं साधन शाळांतून आलं. अँड्र्यू हॅल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ७१ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून ६४ विधानांची प्रश्नावली तयार केली. चार परिमाणं शिक्षकांच्या वागण्याची, चार मुख्याध्यापकांच्या. त्यावरून शाळेची हवा ‘खुली’ पासून ‘बंद’ पर्यंत सहा प्रकारांत बसवायची. शिक्षकांच्या चार परिमाणांतलं एक होतं अलिप्तपणा: हजेरी लावायची, काम उरकायचं, मन दुसरीकडे. कंपन्यांमध्ये ‘एंगेजमेंट’चा, म्हणजे कामात मनापासून गुंतण्याचा, गाजावाजा होण्याच्या जवळजवळ तीन दशकं आधी तिचा अभाव शाळांत मोजला जात होता.

मोजण्यातला एक तिढा मात्र या सगळ्यांना पुरून उरला. प्रश्नावली भरतो एकेक माणूस, आणि निष्कर्ष काढायचा संस्थेबद्दल. लॉरेन्स जेम्स आणि ॲलन जोन्स यांनी १९७४ मध्ये ठणकावून सांगितलं की व्यक्तीला जाणवणारं वातावरण आणि संस्थेचं वातावरण या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे याच वादातून एका गटातल्या लोकांचं आपसांत किती जुळतं ते आधी तपासायची रीत आली. समजा, विभागातल्या निम्म्यांनी ५ गुण दिले आणि निम्म्यांनी १. सरासरी ३ येते, ती त्या विभागातल्या कुणाचंच मत नसते. महाविद्यालयात तर शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी एकाच इमारतीत दोन वेगळ्या संस्थांत काम केल्यासारखे असतात. एकाला अभ्यासमंडळात मत असतं, दुसऱ्याला रजेच्या अर्जावर सही मिळवायलाही थांबावं लागतं. तरी अहवालाच्या पहिल्या पानावर दोघांचा मिळून एकच आकडा झळकतो.

समाधानी माणूस जास्त काम करतो हे गृहीतक १९५५ मध्ये आर्थर ब्रेफिल्ड आणि वॉल्टर क्रॉकेट यांच्या आढाव्याने बरंच खिळखिळं केलं होतं. २००१ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी शेकडो नमुने एकत्र करून समाधान आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.३० असल्याचं दाखवलं (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे संबंध आहे, पण माफक. तोवर कंपन्यांची भाषा समाधानावरून एंगेजमेंटवर सरकलीच होती.

या नव्या भाषेचा उगम विल्यम कान यांच्या १९९० च्या लेखात धरतात. त्यांनी एका उन्हाळी शिबिराचे मार्गदर्शक आणि एका वास्तुविशारद संस्थेतली माणसं अशा दोन ठिकाणी निरीक्षणं आणि मुलाखती केल्या. माणूस स्वतःला कामात कधी ओततो? कामाला अर्थ वाटतो तेव्हा, मन उघडं केल्याने अपाय होणार नाही असं वाटतं तेव्हा, आणि अंगात त्राण असतं तेव्हा. एकच माणूस दिवसात कधी गुंतलेला तर कधी अलिप्त असू शकतो, हे कान यांचं सूक्ष्म निरीक्षण होतं. ते पाहण्यांत फारसं टिकलं नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गॅलप या पाहण्या करणाऱ्या कंपनीची बारा विधानं जगभर गेली, त्यात ‘कामाच्या ठिकाणी माझा जिवलग मित्र आहे’ हेही होतं, आणि माणूस गुंतलेला की अलिप्त याचा शिक्का वर्षाचा झाला. युरोपात विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १७ विधानांची मापनी दिली: उत्साह, समर्पण, तल्लीनता. तल्लीनतेपाशी गूल्डनर यांचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. आपल्या हस्तलिखितात बुडून गेलेल्या आणि विभागाच्या बैठकीला कधीही न फिरकणाऱ्या प्राध्यापकाला या मापनीवर उत्तम गुण मिळतील.

महाविद्यालयांसाठी वेगळ्या पाहण्याही झाल्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८९ पासून दर तीन वर्षांनी प्राध्यापकांना त्यांचा वेळ, उद्दिष्टं आणि ताणाची कारणं विचारली जाऊ लागली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातून चालणारी ‘पेस’ (PACE, हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव, वर आलेल्या पेस यांचं नव्हे) ही पाहणी प्रामुख्याने कम्युनिटी कॉलेजांची, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयांची. तिच्या मुळाशी लायकर्ट यांचेच चार प्रकार आहेत, आणि विशेष म्हणजे तिच्यात ‘विद्यार्थ्यांकडे लक्ष’ हा स्वतंत्र घटक आहे. कारखान्यातून आलेल्या चौकटीत महाविद्यालयाने घातलेली ही बहुधा सर्वांत महत्त्वाची भर. २००८ मध्ये क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन या नियतकालिकाने काम करायला उत्तम महाविद्यालयांची वार्षिक निवड सुरू केली आणि पाहणीचा निकाल जाहिरातीत मिरवायची वस्तू झाला. आपला दोष शोधायला केलेली पाहणी आणि बिल्ला मिळवायला केलेली पाहणी यांत फरक पडणारच. दुसरीत वाईट गुण देणं म्हणजे स्वतःच्या महाविद्यालयाचं नाव खराब करणं, असं भरणाऱ्यालाही वाटू शकतं.

गोपनीयतेचा प्रश्न महाविद्यालयात जास्त अवघड, कारण विभाग लहान असतात. चार जणांच्या विभागात पद, लिंग आणि सेवेची वर्षं एवढं भरलं की नाव न लिहिताही नाव कळतं. म्हणून ठरावीक संख्येपेक्षा कमी उत्तरं आली तर त्या विभागाचा निकाल वेगळा दाखवत नाहीत. माणसाचं रक्षण होतं, पण ज्या छोट्या विभागात हवा सर्वांत कोंदट असेल तोही अहवालातून गायब होतो. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं तर त्याआधीच राहून जातं. अमेरिकेत आज निम्म्याहून अधिक शिक्षक कायम नियुक्तीच्या वाटेबाहेरचे आहेत. यादी कायम कर्मचाऱ्यांच्या नोंदवहीवरून केली तर ते पाहणीत येत नाहीत. आले, तरी ‘पुढची पाच वर्षं मी इथेच राहू इच्छितो’ अशा विधानापुढे त्यांनी कुठला गोल रंगवायचा, हे प्रश्नावली सांगत नाही. राहणं न राहणं त्यांच्या इच्छेवर आहे, असं ती धरून चालते.