जुन्या हलक्या विमानांचा छंद: पार्श्वभूमी

कापडी पंखांची, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची छोटी विमाने जिवापाड जपणाऱ्या हौशी वैमानिकांकडे पाहिले, की हा केवळ गतकाळाच्या ओढीतून जडलेला छंद असावा असा समज होतो. प्रत्यक्षात आधी स्वस्ताई होती आणि जिव्हाळा मागाहून आला.

पहिल्या महायुद्धानंतर उड्डाण हा लष्कराचा किंवा गडगंज श्रीमंतांचा प्रांत होता. दोन आसनांचे, सामान्य क्लबला झेपेल असे विमान बनवायचे ब्रिटिश विमाननिर्माते जेफ्री डी हॅविलंड यांच्या मनात होते, परंतु त्याला साजेसे इंजिनच मिळत नव्हते. इंजिनांचे रचनाकार फ्रँक हाल्फर्ड यांनी रेनॉ कंपनीच्या युद्धातून शिल्लक राहिलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची एकच बाजू घेतली, तिच्यातील चार सिलिंडर नव्या क्रँककेसवर बसवले आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे 'सिरस' इंजिन तयार केले. ते बसवलेल्या 'मॉथ' या द्विपंखी विमानाने २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथून पहिले उड्डाण केले. त्याचे पंख मागे दुमडता येत असल्यामुळे मोठ्या हँगरचे भाडे वाचत असे. त्याच वर्षी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने उड्डाण क्लबांना अर्थसाहाय्य सुरू केले आणि हौशी वैमानिकांची पहिली पिढी या विमानावर घडली. १९३० मध्ये अ‍ॅमी जॉन्सन यांनी ५ ते २४ मे या काळात क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियातील डार्विनपर्यंत एकटीने मजल मारली, तीही जुन्या, वापरलेल्या जिप्सी मॉथमधून, म्हणजे 'जिप्सी' इंजिन बसवलेल्या मॉथमधून.

अमेरिकेत हेच काम 'कब' या छोट्या विमानाने केले. ते घडवणारी टेलर यांची विमान कंपनी १९३० मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तेलाच्या धंद्यातील विल्यम पायपर यांनी तिची मालमत्ता अवघ्या ७६१ डॉलरला विकत घेतली. १९३७ मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत भस्मसात झाल्यावर कंपनी पेनसिल्व्हेनियातीलच लॉक हेवन येथील जुन्या रेशीम गिरणीत गेली आणि तेथून पिवळ्या रंगाच्या जे-३ कबचा ओघ सुरू झाला. १९४७ पर्यंत असे जवळजवळ २०,००० नग बाहेर पडले. या विमानात वीजव्यवस्था नाही, स्टार्टर नाही. इंजिन सुरू करायचे तर प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो. इंधनमापक म्हणजे बुचाचा तरंगता तुकडा आणि त्याला जोडलेली तार. ही तार टाकीच्या झाकणातून वर, वैमानिकाच्या काचेसमोर डोकावते आणि इंधन घटेल तशी खाली बुडत जाते. बिघडण्यासारखे त्यात काही नाहीच, आणि माझ्या मते ही विमाने टिकण्याचे निम्मे रहस्य तेथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाने संख्या प्रचंड वाढवली. लष्करी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या, मॉथच्याच घराण्यातील एकट्या टायगर मॉथचे ८,००० हून अधिक नग तयार झाले. युद्ध संपताच ती विमाने लिलावात निघाली. काही शेतांवर खत आणि औषध फवारू लागली, बाकीची क्लबांकडे गेली. दुसरीकडे, घरोघरी विमान असेल या आशेवर अमेरिकी कारखान्यांनी १९४६ या एकाच वर्षात ३०,००० हून अधिक छोटी विमाने बनवली. पुढच्याच वर्षी मागणी कोसळली आणि बाजारात विमाने उदंड, गिऱ्हाईक थोडे अशी स्थिती झाली. बेताच्या पगाराच्या माणसालाही विमान घेणे शक्य झाले, ते या मंदीच्या कृपेने.

ती 'जुनी' ठरली, ती उड्डाणाची रीत बदलल्यामुळे. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या सेस्ना १७२ चे शरीर धातूचे होते आणि तिसरे चाक नाकाखाली. जुन्या विमानात हे चाक शेपटीखाली असते, म्हणजेच विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे पडतो. त्यामुळे उतरताना ते जरा तिरके झाले, की मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि विमान जागच्या जागी गरकन फिरते. टायगर मॉथला तर मूळ रचनेत ब्रेकही नव्हते आणि शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी होती, त्यामुळे त्याला डांबरी धावपट्टीपेक्षा गवताळ मैदानच मानवते. एकेकाळी प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला येणारे हे कसब नाकचाकाच्या जमान्यात मोजक्यांपुरते उरले. अभिमान वाटावा असे काहीतरी हाती आले, ते अशा रीतीने.

संघटना याच सुमारास उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली आणि त्याच वर्षी आयोवा राज्यात जुन्या विमानांसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९५६ साली टायगर क्लब, १९६४ साली व्हिंटेज एअरक्राफ्ट क्लब आणि १९७५ साली मॉथ क्लब निघाला. पोबेरेझ्नी यांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा १९७० पासून विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे भरतो. तिच्या जुन्या विमानांच्या विभागाने वयाप्रमाणे वर्गही ठरवले आहेत: ऑगस्ट १९४५ अखेरपर्यंतची विमाने एका वर्गात, त्यानंतर १९५५ पर्यंतची दुसऱ्यात आणि १९७० पर्यंतची तिसऱ्यात.

या मंडळींच्या गप्पांत सर्वाधिक वेळ दुरुस्तीला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. पूर्वी सांगाड्यावर सुती किंवा लिननचे कापड चढवून त्यावर 'डोप' नावाच्या द्रावणाचे थर देत. ते वाळताना कापड ताठ होई, पण उन्हापावसात काही वर्षांतच कुजू लागे. पॉलिएस्टर कापड आले आणि चित्र पालटले. सांगाड्याला चिकटवलेल्या या कापडावरून ठरावीक तापमानाची इस्त्री फिरवली, की ते आकसून ढोलाच्या पानासारखे ताणले जाते आणि आडोशाला ठेवलेल्या विमानावर कित्येक वर्षे टिकते.

इंधनाचा प्रश्न अधिक चिवट निघाला. कबचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन ७३ ऑक्टेनच्या इंधनासाठी बनवलेले होते, तर नंतर विमानतळांवर मुख्यतः शिसेयुक्त १०० ऑक्टेन इंधनच मिळू लागले. कमी दाबाच्या या इंजिनांत शिशाची पुटे स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचतात. पोबेरेझ्नी यांच्या संघटनेने चाचण्या घेऊन १९८२ मध्ये सेस्ना १५० साठी मोटारींच्या पेट्रोलला अधिकृत मान्यता मिळवली, आणि पुढे अशी परवानगी इतर अनेक जुन्या विमानांनाही मिळत गेली.