केरेडिगिऑन काउंटी आणि तिथल्या संस्था : पार्श्वभूमी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील केरेडिगिऑनचे नाव परंपरेने पाचव्या शतकातील केरेडिग या राजाशी जोडले जाते. ११७६ च्या नाताळात दक्षिण वेल्सचा सत्ताधीश ऱ्हिस आप ग्रिफिद याने कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या होत्या. त्यांची दवंडी वर्षभर आधी पिटली गेली होती आणि विजेत्यांना मानाच्या खुर्च्या मिळाल्या होत्या. वेल्सच्या आजच्या आयस्टेदवोद महोत्सवातही श्रेष्ठ कवीचा गौरव खुर्ची देऊनच होतो. पुढे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकले आणि १२८४ च्या रूडलन कायद्याने येथे इंग्लिश धर्तीचा काउंटी कारभार पक्का झाला. कार्डिगनशायर हे नाव त्या कारभाराचे.

या डोंगराळ, गरीब भागात वेल्सचे पहिले विद्यापीठ महाविद्यालय उभे राहिले, ते एका दिवाळखोरीमुळे. रेल्वे कंत्राटदार थॉमस सॅव्हिन याने ॲबरिस्टविथच्या समुद्रकाठी बांधायला घेतलेले भव्य हॉटेल तो बुडाल्याने अर्धवट राहिले. ती वास्तू अवघ्या १०,००० पौंडांना मिळाली आणि ऑक्टोबर १८७२ मध्ये तिथे २६ विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झाले. सरकारी अनुदान नसलेल्या त्या पहिल्या दशकात हे महाविद्यालय तगले ते लोकवर्गणीवर, आणि त्यात चॅपलमधून, म्हणजे प्रार्थनागृहांतून, रविवारी गोळा होणाऱ्या सामान्य माणसांच्या नाण्यांचा मोठा वाटा होता. १८८५ मध्ये आगीने इमारतीचा बराच भाग गिळला, तरी लोकांनी ती पुन्हा उभी केली. एवढी आपुलकी फार थोड्या शिक्षणसंस्थांच्या वाट्याला येते.

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी कार्डिफही दावेदार होते. परंतु राजवैद्य सर जॉन विल्यम्स यांनी आपला ग्रंथसंग्रह ॲबरिस्टविथलाच देण्याची अट घातली आणि १९०७ च्या राजसनदेने ग्रंथालय येथे आले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या टेकडीच्या खडकात बोगदा खोदून ब्रिटिश म्युझियमची दुर्मीळ हस्तलिखिते बॉम्बहल्ल्यांपासून जपली गेली. कागद कोरडे राहावेत म्हणून त्या बोगद्यातील हवा सतत उबदार ठेवली जाई.

१८८९ मध्ये निवडून आलेली काउंटी परिषद १९७४ च्या फेररचनेत संपुष्टात आली आणि हा प्रदेश डिव्हेड या नव्या मोठ्या काउंटीमधील एक जिल्हा होऊन राहिला. १ एप्रिल १९९६ रोजी स्वतंत्र परिषद परत आली ती कार्डिगनशायर या नावाने. दुसऱ्याच दिवशी ते नाव बदलून अधिकृतपणे केरेडिगिऑन करण्यात आले.