निन्टेन्डोच्या दोन चुली एक कशा झाल्या

जानेवारी 2014 मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने गुंतवणूकदारांसमोर एक कडू हिशोब मांडला. वी यू या घरगुती कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचे, त्या आर्थिक वर्षात 90 लाख नग विकले जातील, असा कंपनीचा अंदाज होता. तो एका फटक्यात 28 लाखांवर आणावा लागला. सलग तिसऱ्या वर्षी कामकाजात तोटा होणार, हेही उघड झालं. त्याच महिन्यात तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता एका जुन्या प्रश्नावर सविस्तर बोलले: हातात धरून खेळायचा कन्सोल आणि टीव्हीला जोडायचा कन्सोल हे दोन्ही एकत्र आणावेत का?

हातातही आणि टीव्हीवरही चालणारा निन्टेन्डोचा स्विच घरोघरी पोचल्यानंतर हा प्रश्न कधीच सुटल्यासारखा वाटतो. तो तसा सुटलेला नाही. निन्टेन्डोने दोन्ही शाखा एक केल्या ते योग्यच केलं, असं माझं ठाम मत आहे. पण त्यामागचं खरं कारण यंत्राच्या आकारात सापडत नाही. ते सापडतं गेम बनवणाऱ्या माणसांच्या संख्येत, आणि त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

दोन्ही शाखांचं मूळ एकाच पिढीत आहे. 1980 मध्ये गुनपेई योकोई यांनी गेम अँड वॉच आणलं. कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेले एलसीडी पडदे आणि चिप घेऊन त्यांनी खिशात मावणारा खेळ बनवला. शिळ्या, स्वस्त, पण पुरत्या मुरलेल्या तंत्रज्ञानातून नवी गंमत काढायची, हे योकोईंचं सूत्र. 1983 मध्ये मासायुकी उएमुरा यांच्या विभागाने टीव्हीला जोडायचा फॅमिकॉम आणला. त्याच्या कंट्रोलरवरचं ते प्रसिद्ध अधिक-चिन्हाचं बटण 1982 च्या डाँकी काँग गेम अँड वॉचवरून आलेलं होतं. म्हणजे अगदी सुरुवातीलाच हातातल्या खेळाने घरातल्या खेळाला काहीतरी दिलं होतं. तरी विभाग वेगळे, इंजिनिअर वेगळे, विचार करण्याची पद्धत वेगळी. 1989 मध्ये गेम बॉय आला आणि दोन चुली कायमच्या मांडल्या गेल्या.

त्या वेगळ्या राहण्याला तांत्रिक कारण होतं आणि ते भक्कम होतं. गेम बॉयचा पडदा हिरवट, चार छटांचा, मागून उजेड नसलेला. पण चार पेन्सिल सेलवर तो तासन् तास चाले. अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर रंगीत होते, झगमगीत होते आणि सेल भराभर खात होते. गेम बॉयने दोघांनाही मागे टाकलं.

एकत्र करण्याची कल्पनाही तेव्हाच करून पाहिली गेली होती, हे सहसा कोणी आठवत नाही. 1990 मध्ये एनईसीने टर्बोएक्सप्रेस काढला. घरच्या कन्सोलमध्ये घालायचं तेच गेमचं कार्ड यात घालायचं आणि चालता-फिरता खेळायचं. 1995 मध्ये सेगाने नोमॅड आणला, म्हणजे त्यांचा घरगुती कन्सोल जेनेसिस अख्खा हातात. कल्पना म्हणून दोन्ही आजच्या स्विचचे पूर्वज. पण नोमॅडला सहा सेल लागत आणि ते दोन-तीन तासांत संपत. घरच्या कन्सोलला लागणारी ताकद सेलवर चालवणं त्या काळी परवडणारं नव्हतं, आणि ही भिंत जवळपास वीस वर्षं हलली नाही.

दुसरं कारण पैशाचं. दोन चुली म्हणजे दोन मिळकती, आणि एक थंडावली तर दुसरीवर घर चालतं. निन्टेन्डोचं घर खरोखरच तसं चाललं. घरगुती कन्सोलची विक्री पिढीगणिक घसरत होती: पहिला एनईएस (फॅमिकॉमचंच परदेशातलं नाव) सुमारे 6 कोटी 19 लाख, सुपर एनईएस 4 कोटी 91 लाख, निन्टेन्डो 64 सुमारे 3 कोटी 29 लाख, गेमक्यूब 2 कोटी 17 लाख. याच काळात गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून 11 कोटी 86 लाखांपर्यंत गेले, आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्सने एकट्याने 8 कोटींचा टप्पा ओलांडला. 1996 मध्ये पोकेमॉन आला तोही हातातल्या पडद्यावर. गेमक्यूबच्या वाईट दिवसांत कंपनीच्या पाठीशी उभी होती ती ही धाकटी शाखा. म्हणून त्या काळात ‘दोन्ही एक करा’ असं कोणी सुचवलं असतं, तर ते चुकीचंच ठरलं असतं.

दोन चुलींमध्ये ये-जा मात्र होती. 1994 मध्ये सुपर गेम बॉय आला. हे एक जाड कार्ट्रिज होतं, सुपर एनईएसमध्ये बसवायचं आणि त्याच्या डोक्यावर गेम बॉयचा गेम खोचायचा. गेम बॉयचा प्रोसेसर त्या कार्ट्रिजच्या पोटातच होता, कारण घरच्या कन्सोलला तो गेम कळतच नव्हता. पुढे निन्टेन्डो 64 च्या कंट्रोलरला ट्रान्सफर पॅक लावून हातातले पोकेमॉन टीव्हीवर आणता येऊ लागले. 2003 मध्ये गेमक्यूबच्या तळाशी बसणारा गेम बॉय प्लेअर आला.

याच वर्षीचा ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’ हा गेम मला या सगळ्या इतिहासाचं सार वाटतो. चौघांनी मिळून खेळायचं तर गेमक्यूबचे साधे कंट्रोलर चालत नसत. चार गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हवेत आणि ते जोडायला चार केबल. टीव्हीवर चौघांची पात्रं एकत्र चालत. एकाने विषारी हवेपासून वाचवणारा चषक उचलून न्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती राहायचं. प्रत्येकाच्या हातातल्या छोट्या पडद्यावर वेगळी माहिती: एकाला नकाशा, दुसऱ्याला शत्रू, तिसऱ्याला खजिना. त्यामुळे एकमेकांना ओरडून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नसे. कल्पना विलक्षण सुंदर होती. पण ती अनुभवायला पाच यंत्रं आणि चार केबल एका खोलीत जमवाव्या लागत, आणि ते फार थोड्या घरांना जमलं. दोन शाखांना जोडणारा पूल कितीही देखणा बांधला, तरी दोन्ही तीरांवर घर असणारा माणूसच त्याचा उपयोग करणार.

नंतर हातातला डीएस आणि घरातला वी आले आणि काही वर्षं कोणाला हा प्रश्न पडलाच नाही. डीएस 15 कोटी 40 लाख, वी 10 कोटी 16 लाख. दोन्ही चुली धडाडून पेटलेल्या. 

मग 2011 उजाडलं. फेब्रुवारीत जपानमध्ये 25,000 येनला आलेला डीएसचा वारस 3डीएस ऑगस्टमध्येच 15,000 येनला विकावा लागला. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. तोवर स्मार्टफोन खिशात आले होते आणि फावल्या वेळातला छोटा खेळ त्यांनी ताब्यात घेतला होता. नोव्हेंबर 2012 मध्ये वी यू आला. त्याच्या गेमपॅडवर 6.2 इंची पडदा होता, टीव्ही दुसऱ्याने घेतला तरी खेळ हातात चालू ठेवता येई. पण चित्र मूळ डब्यातून बिनतारी येत असल्याने डब्यापासून लांब गेलं की ते तुटे. दिसायला हातातला, वागायला घरातला. तो एकूण 1 कोटी 35 लाखांच्या आसपासच खपला.

खरी अडचण मात्र दुकानात दिसत नव्हती, ती आत होती. वी यूमुळे कंपनीला पहिल्यांदाच एचडी, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचे, गेम बनवावे लागत होते, आणि त्यांना माणसं नि वेळ दोन्ही कितीतरी जास्त लागतात. 3डीएसचे गेमही पूर्वीच्या हातातल्या गेमसारखे झटपट होईनात. दोन्ही यंत्रांच्या चिप पूर्ण वेगळ्या, एकात आयबीएमच्या घराण्यातला प्रोसेसर, दुसऱ्यात एआरएमचा. एकासाठी केलेलं काम दुसरीकडे जवळजवळ नव्याने करावं लागे. 2014 चा सुपर स्मॅश ब्रदर्स याचं उत्तम उदाहरण आहे. एकच गेम, एकच दिग्दर्शक मासाहिरो साकुराई, पण 3डीएससाठी एक आणि वी यूसाठी एक असा दोनदा बनला. आईस क्लाइंबर्स ही जोडीने लढणारी पात्रं 3डीएसला पेलवेनात, म्हणून ती वी यूवरूनही वगळावी लागली. जिथे ताकद होती तिथेही खेळाडूंना ती मिळाली नाहीत. 2018 मध्ये स्विचवर एकच आवृत्ती निघाली, तेव्हा ही जोडी परत आली.

दोन यंत्रांना पुरेसे गेम देता देता दोन्हीकडे दुष्काळ पडू लागला होता. इवाता स्वतः प्रोग्रामर असल्याने त्यांना रोगाचं मूळ नेमकं ठाऊक होतं. 2013 च्या सुरुवातीला त्यांनी हातातल्या आणि घरातल्या कन्सोलचे हार्डवेअर विभाग एकत्र केले आणि ते गेन्यो ताकेदा यांच्याकडे सोपवले. 2014 मध्ये क्योटोत नवी विकास-इमारत उभी राहिली. जानेवारीतल्या त्या बैठकीत त्यांनी मांडलेली भूमिका आज वाचली तरी थक्क व्हायला होतं. ॲपल आणि अँड्रॉइडचं उदाहरण देऊन ते म्हणाले की आकार वेगवेगळे असले तरी पायाभूत पद्धत एक असली, की सॉफ्टवेअरची टंचाई होत नाही. पुढची यंत्रं एका कुटुंबातल्या भावंडांसारखी असावीत. त्यांची संख्या एकच असेल असं मात्र त्यांनी म्हटलं नव्हतं. उलट पाया एक झाला तर आकार वाढूही शकतील, असं ते सांगत होते.

मार्च 2015 मध्ये त्यांनी पुढच्या यंत्राचं, म्हणजे नंतरच्या स्विचचं, एनएक्स हे सांकेतिक नाव जाहीर केलं. 11 जुलै 2015 ला ते गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी गेम बनवणारे दोन मोठे विभाग, ईएडी आणि एसपीडी, एक होऊन ईपीडी झाला. यंत्र बाजारात यायला अजून दीड वर्ष होतं आणि एकत्रीकरण तोवर पार पडलं होतं.

भिंत पाडली ती फोनच्या चिपने. स्मार्टफोनच्या शर्यतीत कमी विजेवर जास्त काम करणाऱ्या चिप तयार झाल्या आणि त्यातलीच एक, एनव्हिडियाची टेग्रा एक्स1, स्विचमध्ये बसली. तीही तेव्हा अगदी ताजी नव्हती. योकोईंना हे आवडलं असतं. 3 मार्च 2017 ला स्विच आला. त्याच्या डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या ठेवणीच्या खाचेत, गणित करणारं काहीच नाही. तो वीज देतो आणि चित्र टीव्हीकडे पोचवतो, एवढंच. पडदा वरून डॉकमध्ये सरकवायचा, क्षणभर अंधार, आणि आपलं पात्र टीव्हीवर त्याच दगडापाशी तसंच उभं. त्या क्षणी आत चिप वेगाने धावू लागते, कारण आता भिंतीतली वीज आहे. उचलून घेतलं की ती पुन्हा धीमी होते आणि 720 ओळींच्या पडद्यावर समाधान मानते. 1990 पासून अडलेलं काम इतक्या साध्या हालचालीत होतं, हे मला अजूनही सुखावतं.

कंपनीला मात्र अजून खात्री नव्हती. स्विच हा मुख्यतः घरगुती कन्सोल आहे, असं ती सुरुवातीला बजावून सांगत राहिली. 2017 च्या उन्हाळ्यात 3डीएसच्याच कुटुंबातला न्यू 2डीएस एक्सएल काढला, 3डीएसचं उत्पादन 2020 पर्यंत चालू ठेवलं. एक चूल विझवण्याआधी दुसरी नीट पेटते का, हे पाहणं शहाणपणाचंच होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये पोकेमॉनची नवी पिढी पहिल्यांदाच टीव्हीवरही खेळता येणाऱ्या यंत्रावर आली, आणि माझ्या मते त्या दिवशी जुनी हँडहेल्ड शाखा खरी संपली. स्विच पुढे 15 कोटींच्या पलीकडे गेला. वी यू आणि 3डीएस यांची बेरीज 9 कोटींच्या आत होती. डीएस आणि वी यांची मात्र 25 कोटींच्या वर जाते, हेही नजरेआड करू नये.

कारण हातचं बरंच गेलं. 2013 मध्ये अमेरिकेत 3डीएसचा स्वस्त भाऊ 2डीएस 129.99 डॉलरला मिळत होता आणि हातातले गेम साधारण 40 डॉलरला. एकत्रीकरणानंतर सर्वांत स्वस्त स्विच लाइटही 199.99 डॉलरला निघाला आणि पोकेमॉन 60 डॉलरचा झाला. लहान मुलाला बिनधास्त देता येईल असं यंत्र उरलं नाही. स्ट्रीटपास गेला. खिशातल्या मिटलेल्या 3डीएसने रस्त्यात ओलांडलेल्या अनोळखी 3डीएसशी ओळख करून घ्यायची, ही गोष्ट फक्त खिशात मावणाऱ्या यंत्रालाच शक्य होती. दोन पडद्यांच्या डीएसवर लहान चमूंनी केलेले विचित्र, धाडसी गेमही आटले. आणि घर आता एकखांबी तंबू झालं. स्विच 2 पडला असता, तर गेमक्यूबच्या काळासारखा दुसरा आधार उरला नव्हता.

तो पडला नाही. 5 जून 2025 ला आलेल्या स्विच 2 चे पहिल्या चार दिवसांत 35 लाखांहून जास्त नग गेले. इतर कंपन्याही आता याच प्रश्नापाशी येऊन उभ्या आहेत. व्हॉल्वने 2022 मध्ये स्टीम डेक आणून पीसीचे गेम हातात दिले, तर सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल सुरुवातीला घरच्या पीएस5 वरून येणाऱ्या चित्रावरच चालत होता.

पण स्विच 2 हातात घेतला की जुना प्रश्न वेगळ्या रूपात जाणवतो. कंट्रोलरसह पहिला स्विच सुमारे 398 ग्रॅमचा होता, हा 534 ग्रॅमचा आहे. पडदा 7.9 इंची. बॅटरी कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे 2 ते साडेसहा तास, आणि जड गेम लावला तर खालच्याच आकड्याची तयारी ठेवावी लागते. टीव्हीवर 4के, म्हणजे आणखी बारीक चित्र, देण्याच्या ओढीत यंत्र घराकडे झुकतं आहे. इवातांनी म्हटलेली भावंडं, म्हणजे त्याच पायावरचा लहान, हलका, स्वस्त आकार, यायला हवा. त्यासाठी लागणारा पाया 2013 पासून त्यांनीच घालून ठेवला आहे.