मुदत आणि मुहूर्त: कामांच्या ॲपमधल्या दोन तारखा

आईचा हयातीचा दाखला एका वर्षी राहून गेला. पेन्शनरांनी दरवर्षी नोव्हेंबरात तो द्यायचा असतो. नाही दिला तर पेन्शन थांबते, आणि दाखला पोचल्यावर पुन्हा सुरू होते. पैसे बुडाले नाहीत. पण खात्यात काहीच जमा झालं नाही हे सांगताना आईचा आवाज उतरला होता, तो मी विसरलेलो नाही.

ते काम माझ्या फोनमधल्या ॲपमध्ये नोंदलेलं होतं. ३० नोव्हेंबर ही तारीखही बरोबर होती. त्या सकाळी ॲप उघडलं तेव्हा बावीस कामं लाल रंगात दिसत होती. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकणे, जुने फोटो स्कॅन करणे, गादीवाल्याकडे चौकशी, एका मित्राला फोन. या सगळ्यांना मीच कधीतरी 'मंगळवारी करू', 'शनिवारी करू' म्हणून तारखा दिलेल्या होत्या, आणि ते मंगळवार-शनिवार केव्हाच उलटून गेले होते. रोज तेच लाल बघून डोळ्यांना त्याची सवय झाली होती. त्या बाविसांत एकच लाल खरं होतं, आणि तेच मला दिसलं नाही.

ॲपने काही विसरलं नव्हतं. दोन वेगळ्या जातीच्या तारखा मी एकाच रकान्यात भरत होतो.

मराठीत या दोन तारखांना दोन चांगले शब्द आहेत. एक मुदत. अर्ज भरायची मुदत, मुदत ठेव, मुदतवाढ, औषधाच्या पाकिटावरची मुदत. दुसरा मुहूर्त. इथे पंचांगातला शुभ मुहूर्त मला अभिप्रेत नाही. 'त्या कामाला काही मुहूर्त लागत नाही' असं आपण घरात म्हणतो, तो. मुदत म्हणजे काम कधीपर्यंत संपलं पाहिजे. मुहूर्त म्हणजे ते कधी हाती घ्यायचं. ॲपवाल्यांनी मात्र यांना इतकी नावं देऊन ठेवली आहेत की गोंधळ होणारच. मुदतीला कुठे 'ड्यू डेट', कुठे 'डेडलाइन'. मुहूर्ताला कुठे 'स्टार्ट डेट', कुठे 'डिफर', कुठे 'शेड्यूल्ड', तर कुठे नुसतंच 'व्हेन'. त्यात भर म्हणजे काही ॲपांत 'ड्यू डेट' असं लिहिलेल्या रकान्यात बहुतेक लोक मुहूर्तच भरतात.

ओळखायचं कसं? मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: ही तारीख उलटली तर माझ्याशिवाय आणखी कुणाचं काय अडतं? बँक, सरकारी खातं, ग्राहक, शाळा, डॉक्टर, घरातलं माणूस, असं कुणी त्या तारखेला पलीकडे उभं असेल तर ती मुदत. कुणीच नसेल आणि तारीख मीच मनाशी ठरवलेली असेल तर तो मुहूर्त. मुदत सहसा मला हलवता येत नाही. मुहूर्त मी रोज हलवू शकतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

काही कामं मात्र अशी असतात की त्यांत मुहूर्तच सगळं असतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाचा काळ १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणला. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ज्याला २५ ऑगस्टला मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी पकडायची होती, त्याचं आरक्षण २६ जूनला सकाळी आठ वाजता उघडलं. या कामाला 'मुदत २५ ऑगस्ट' लिहिणाऱ्याने तारीख चुकीची लिहिली असं नाही, पण तिचा उपयोग शून्य. ॲपने जूनच्या त्या सकाळी आठच्या आधी हाक मारली नाही तर नंतर मारलेली हाक प्रतीक्षायादीतच पोचवते.

बऱ्याच कामांना दोन्ही तारखा असतात आणि मधे एक पट्टा असतो. पगारदार माणसाचं आयकर विवरणपत्र घ्या. मुदत साधारण ३१ जुलै. पण कंपनीने फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) द्यायची तारीख १५ जून, म्हणजे मेमध्ये ते काम यादीत दिसून काही फायदा नाही, नुसता भार. मुहूर्त जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातला. वाहन परवान्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या आधी वर्षभर करता येतं, आणि मुदत उलटून एक वर्ष झालं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. असा लांब पट्टा असला की माणूस निश्चिंत राहतो आणि तिथेच फसतो. हयातीचा दाखला याच जातीचा: १ नोव्हेंबरपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. मी नोंदवलं होतं ते फक्त त्या पट्ट्याचं शेवटचं टोक.

ॲपांकडे या नजरेने बघितलं की निवड बरीच सोपी होते. रंग, चिन्हं, घोडदौडीचे आलेख हे सगळं बाजूला ठेवून एवढंच तपासायचं की एका कामाला दोन तारखा देता येतात का, आणि पहिली तारीख येईपर्यंत ते काम नजरेआड राहतं का.

ही कल्पना नवी नाही. 'गेटिंग थिंग्ज डन' हे कामांच्या नियोजनावरचं पुस्तक लिहिणाऱ्या डेव्हिड ॲलन यांच्या पद्धतीत कागदी फोल्डरांचा एक संच असतो: दिवसांचे ३१ आणि महिन्यांचे १२, मिळून ४३. चार तारखेला लागणारा कागद चौथ्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि विसरून जायचं; चार तारखेला तो आपोआप हातात येतो. हा निव्वळ मुहूर्ताचा संच आहे. संगणकांना कॅलेंडर आणि कामांची देवाणघेवाण करता यावी म्हणून ठरवलेलं आयकॅलेंडर हे प्रमाण (२००९ सालचा त्याचा दस्तऐवज म्हणजे आरएफसी ५५४५), त्यातही कामाला सुरुवातीची आणि मुदतीची अशा दोन वेगळ्या तारखा ठेवलेल्या आहेत. म्हणजे पाया तयार होता. अनेक लोकप्रिय ॲपांनी मात्र सोपेपणासाठी एकच रकाना ठेवला.

टूडूइस्ट हे त्याचं ठळक उदाहरण. २००७ पासूनचं, अतिशय सफाईदार ॲप. मराठी माणसाला हेवा वाटावा इतक्या सहज त्यात इंग्रजीत 'उद्या सकाळी नऊ' असं टाइप केलं की तारीख लागते. पण कितीतरी वर्षं त्यात कामाला एकच तारीख होती. स्वतंत्र डेडलाइन आली ती २०२४ च्या अखेरीस, आणि तीही पैसे भरणाऱ्यांसाठी. ती आल्यावर जुन्या 'ड्यू डेट'चा अर्थ मुहूर्त असा झाला, हे वापरणाऱ्याने मनात पक्कं करून घ्यायला हवं. नाहीतर दोन रकाने असूनही गोंधळ तोच.

थिंग्ज हे जर्मनीतल्या कल्चर्ड कोड कंपनीचं ॲप, फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालणारं. हा भेद त्याच्या घडणीतच आहे. 'व्हेन'मध्ये मुहूर्त, 'डेडलाइन'मध्ये मुदत. मुहूर्ताचा दिवस आला की काम 'टुडे'मध्ये येतं. त्या दिवशी झालं नाही तर दुसऱ्या दिवशी ते तिथेच शांतपणे उभं असतं, लाल होत नाही, 'तीन दिवस उशीर' असं सुनावत नाही. इशारा राखून ठेवलेला असतो तो मुदतीसाठी. मला ही वागणूक फार योग्य वाटते. स्वतः ठरवलेला शनिवार टळला म्हणून माणसाला कुणी रोज लाल शाईने दाखवू नये. आणि ते शाई वाया घालवणंही आहे, कारण खऱ्या मुदतीच्या दिवशी मग वेगळा रंग उरत नाही.

ऑम्निफोकस या ॲपने तर अलीकडे तीन तारखा केल्या. 'डिफर' म्हणजे याआधी हे काम करताच येत नाही, 'प्लॅन्ड' म्हणजे मी या दिवशी करायचं ठरवलंय, आणि 'ड्यू' म्हणजे मुदत. रेल्वेच्या उदाहरणात पहिली, मिक्सरच्या भांड्यासाठी दुसरी, विवरणपत्रासाठी तिसरी. तर्काला धरून आहे, पण ज्याला आधीच यादी सांभाळणं जड जातं त्याने इतक्या खोलात जाऊ नये असं माझं मत. टास्कवॉरिअर हे टर्मिनलवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर आणखी पुढे जातं. तिथे थांबण्याची, सुरू करण्याची, मुदतीची आणि काम आपोआप बाद होण्याची अशा चार तारखा आहेत.

सगळ्यांत स्वच्छ विचार मला ऑर्ग मोडमध्ये दिसला. ते ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये चालतं, त्यामुळे ते वापरणारा वर्ग छोटा आहे. पण त्याची माहितीपुस्तिका कुणीही वाचावी. तिथे बजावून सांगितलं आहे की कामाला 'शेड्यूल्ड' तारीख देणं म्हणजे बैठकीची वेळ ठरवणं नव्हे. ती तारीख म्हणजे काम हाती घ्यायचा दिवस, आणि बैठकीसाठी नुसती तारीख लिहायची. 'शेड्यूल्ड' काम त्या दिवसापासून पूर्ण होईपर्यंत रोज दिसत राहतं. 'डेडलाइन' लिहिलेलं काम मात्र मुदतीच्या आधी चौदा दिवसांपासून इशारा देऊ लागतं. आपल्याला हवं ते नेमकं हेच आहे: मुहूर्त त्या दिवसापासून पुढे बघतो, मुदत त्या दिवसापासून मागे बघते. तीस नोव्हेंबरचं काम मला तीस नोव्हेंबरला नव्हे, सोळाला दिसायला हवं होतं.

अँड्रॉइडवर आणि पैसे न भरता हे कुठे मिळतं, हा बहुतेक वाचकांचा खरा प्रश्न असेल. माझी निवड टास्क्स डॉट ऑर्ग. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ॲस्ट्रिड नावाचं एकेकाळचं गाजलेलं ॲप याहूने २०१३ मध्ये विकत घेऊन बंद केलं, पण त्याची संहिता (कोड) खुली असल्यामुळे ती घेऊन हे ॲप उभं राहिलं. त्यात सुरुवातीची तारीख आणि मुदत वेगवेगळी आहे. सुरुवात 'मुदतीच्या एक आठवडा आधी' अशीही ठेवता येते, आणि सुरू न झालेली कामं यादीत लपवता येतात. दिसायला ते थिंग्जइतकं देखणं नाही. ते मी चालवून घेतो.

मायक्रोसॉफ्ट टू डू मोफत आहे आणि त्याने वेगळी वाट काढली आहे. मुदत प्रत्येक कामाला देता येते. मुहूर्तासाठी 'माय डे' नावाची आजची पाटी आहे. सकाळी आपण आजची कामं उचलून त्यात ठेवायची. मध्यरात्री ती पाटी कोरी होते आणि राहिलेली कामं आपापल्या यादीत परत जातात. रोज नव्याने ठरवणं ज्यांना आवडतं त्यांना हे छान मानवतं. पण या पाटीवर मुहूर्त फक्त आजचाच असतो. १ नोव्हेंबरचा मुहूर्त जुलैत नोंदवायचा तर तिथे 'रिमाइंडर' लावावा लागतो.

रिमाइंडरबद्दलही इथेच सांगतो, कारण तो मुहूर्त समजून वापरला जातो. रिमाइंडर हा एक आवाज आहे. तो येतो, आपण रिक्षात असतो, बोटाने बाजूला सारतो, संपलं. मुहूर्ताची तारीख आवाज करत नाही, पण काम यादीत येऊन थांबतं. आठच्या ठोक्याला करायच्या आरक्षणासाठी आवाज हवाच. दाखल्यासाठी यादीतली जागा जास्त महत्त्वाची.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांतही हाच भेद लपलेला आहे आणि तिथे तो फार त्रास देतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचा आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. मी सप्टेंबरचा हप्ता उशिरा भरला म्हणून डिसेंबरची तारीख पुढे सरकत नाही. ही मुदतीची आवर्तनं, कॅलेंडरला बांधलेली. उलट पंखे पुसणं. दर दोन महिन्यांनी पुसायचे ठरवले आणि एकदा तीन आठवडे उशीर झाला, तर पुढचे दोन महिने पुसल्या दिवसापासून मोजायला हवेत. नाहीतर पाच-सहा आठवड्यांतच काम पुन्हा दारात उभं. टूडूइस्टमध्ये इंग्रजी 'एव्हरी' शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की तो काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजतो. टास्क्स डॉट ऑर्गमध्येही तशी सोय आहे. ॲप घेण्याआधी पंखे आणि आगाऊ कर अशी दोन कामं टाकून बघावीत. दोन्ही नीट जमली तर बाकीची जमतात.

आणि सध्याचं ॲप सोडायची इच्छा नसेल, त्यात रकाना एकच असेल, तर त्या रकान्यात मुहूर्त लिहावा आणि मुदत कामाच्या नावातच सुरुवातीला टाकावी: '३० नोव्हें.पर्यंत: आईचा दाखला', तारीख १ नोव्हेंबर. उलटं करू नये. मुदत रकान्यात टाकली तर काम उशिरा भेटतं. नावात टाकली तर भेटेल तेव्हा किती दिवस हातात आहेत ते समोरच असतं. ज्या कामाला मुदतही नाही आणि अजून मुहूर्तही ठरलेला नाही, त्याला तारीखच देऊ नये. माझ्या बाविसांपैकी सोळा कामं अशी निघाली. त्यांच्या तारखा पुसल्या, एका वेगळ्या यादीत ठेवली, रविवारी चहाबरोबर ती यादी वाचतो आणि एखादं उचलतो.

आईचा दाखला आता घरूनच होतो. २०१४ पासून जीवन प्रमाण ही सरकारची डिजिटल दाखल्याची सोय आहे आणि आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही चालतं. मागच्या वेळी १ नोव्हेंबरला काम यादीत आलं, ३ तारखेला आई खिडकीपाशी उजेडात बसली, चष्मा काढला, दुसऱ्या प्रयत्नात झालं. त्या दिवशी यादीत लाल काहीच नव्हतं.