गेटवेजवळचा खांब आधी का संपतो?

पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे शेतांना पाळीने पाणी वाटण्याची जुनी रीत, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाटकरी माहीत असतो. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या. कुणाच्या वावरात पाणी कधी सोडायचे, ते पाटकरी बघतो. शहरातल्या बिनतारी सेन्सरांच्या जाळ्यात हाच पाट उलटा वाहतो. ठिकठिकाणाहून थेंबथेंब माहिती निघते आणि सगळी एकाच हौदात पडायची असते. या हौदाचे, म्हणजे सगळ्यांची माहिती गोळा करणाऱ्या यंत्राचे, नाव गेटवे.

धुळ्यातल्या एका सरळ रस्त्यावरचे १० खांब धरा. (जुन्या आखणीच्या धुळ्यात सरळ रस्त्यांना तोटा नाही.) प्रत्येक खांबावर गटारातले पाणी मोजणारे, सेलवर चालणारे छोटे यंत्र आहे. टोकाच्या खांबाने थेट गेटवेला हाक मारली तर? मोकळ्या रानात अंतर दुप्पट झाले की ताकद चौपट लागते. शहरात भिंती, टपऱ्या, उभे ट्रक आडवे येतात. तिथे ती सोळापटीवरही जाते. म्हणून मधल्या खांबाकडे निरोप देणे स्वस्त: अर्ध्या अंतराला ताकदीचे १ माप धरले, तर पूर्ण अंतराच्या एका उडीला १६ मापे, दोन टप्प्यांना मिळून २.

गंमत पुढे आहे. दहावा खांब फक्त आपला निरोप पाठवतो, नववा दोन. गेटवेला लागून असलेला पहिला मात्र १० पाठवतो आणि ९ ऐकतो. या रेडिओंना ऐकायलाही जवळपास बोलण्याइतकीच वीज लागते. सगळ्यांचे सेल सारखेच, त्यामुळे पहिल्याचा आधी संपतो. मग मागच्या नऊ जणांचे सेल शाबूत असूनही अख्खा रस्ता मुका.

यावर २००० साली एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी सुचवलेला उपाय फडवाल्यांना लगेच पटेल: पाळी लावा. यंत्रांचे गट पाडायचे, गटाचा एक मुकादम नेमायचा, त्याने सगळ्यांची माहिती आटवून पुढे धाडायची. दर फेरीला ५ टक्के मुकादम धरले, तर एकाची पाळी २० फेऱ्यांत एकदाच येते. या पद्धतीला ‘लीच’ म्हणतात. पण प्रत्येक मुकादमाचा आवाज थेट गेटवेपर्यंत पोहोचतो, असे तिने गृहीत धरले आहे. प्रयोगशाळेत ठीक, बाजारपेठेच्या गल्लीत मला ते खरे वाटत नाही.

शहरात जास्त उपयोगी पडतो तो दुसरा विचार: जवळचा रस्ता नव्हे, भरवशाचा रस्ता. चारदा हाक मारून एकदाच ऐकू जाणारा एक टप्पा सरासरी चार हाका खातो. पहिल्याच हाकेला ओ देणारे तीन टप्पे तीनच. २०१२ साली प्रमाणित झालेली ‘आरपीएल’ पद्धत असे माप लावून गेटवेच्या दिशेने वाटांचे झाड उभे करते. सगळे शांत असले की यंत्रे वाटांबद्दल क्वचितच बोलतात. काही बिघडले की बोलणे वाढते. आपल्याकडे हे महत्त्वाचे, कारण यंत्र तापले की रेडिओची पकड ढिली होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात तापलेल्या डबीतला रेडिओ पहाटे ज्या शेजाऱ्याचे नीट ऐकत होता, त्याचे दुपारी दोनला कदाचित ऐकणार नाही.

आणि पहिल्या खांबाचे काय? त्यावर दिवा असेल, तर तिथे नुसत्या सेलवर भागवायचे कशाला? रस्त्यावरच्या दिव्यांना बहुधा रात्रीच वीज सोडतात. चार्ज होणारी बॅटरी बसवली तर ती रात्री भरेल आणि दिवसा मागच्या नऊ जणांचे निरोप वाहील.